गार पाणी, गाळलेलं पाणी



आम्ही दादरच्या बायका बोलतोय. स्टेशनच्या पश्चिमेला, फुलबाजारापासून चालत दहा मिनिटांवर आमची चाळ आहे. तीन मजले, मजल्याला बारा खोल्या. आमचं बायकांचं छोटंसं मंडळ आहे. भिशी चालवायची, गणपतीत आरत्या म्हणायच्या, कोणाचं बाळंतपण-आजारपण असलं तर डबा पोचवायचा, एवढंच आमचं काम. रेडिओवर बोलायची ही पहिलीच वेळ, म्हणून चौघी मिळून आलोय आणि कागदावर लिहून आणलंय. वाचताना कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

केंद्रावरच्या ताईंनी तुमच्या गटांची पत्रं आम्हाला वाचून दाखवली. तीन गटांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारलंय. उन्हाळा आला, घरात गाळलेलं आणि गार पाणी हाताशी असावं असं वाटतं, तर गटातून कर्ज काढून पाण्याचं मशीन घ्यावं का? एका गटाने पुढे लिहिलंय, "मुंबईत तर घरोघरी मशीन असतं, त्यांना विचारा." म्हणून आम्हाला बोलावलंय. गटाचं कर्ज म्हणजे बारा-पंधरा हजार रुपये, महिन्याचा हप्ता, आणि तो चुकला तर दहा जणींसमोर खाली घालावी लागणारी मान. तेव्हा उत्तर विचार करूनच द्यायला हवं.

आधी आमचं पाणी कुठून येतं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी काही जणी ठाणे-पालघर जिल्ह्यांतल्या आहात आणि तुम्हाला ते आमच्याहून जास्त माहीत आहे. मुंबईला सात तलावांचं पाणी येतं. विहार आणि तुळशी हे दोन मुंबईतच, जंगलात. विहारचं पाणी १८६० च्या सुमारास नळाने शहरात आलं. त्याआधी इथली माणसं विहिरी आणि तळ्यांवरच होती. मग शहर वाढलं, तलाव पुरेनात, आणि नळ लांब लांब जायला लागला. तानसा १८९२ साली. मग वैतरणेवरचा मोडकसागर, वरची वैतरणा, भातसा, आणि २०१४ साली मध्य वैतरणा. तानसा, भातसा शहापूर तालुक्यात. आज शहराला रोज ३,५०० दशलक्ष लिटरांपेक्षा जास्त पाणी लागतं, आणि त्यातलं बहुतेक सगळं या लांबच्या तलावांचं. शहापूरच्या पाड्यांवर मात्र दर उन्हाळ्यात टँकर. धरण उशाला आणि कोरड घशाला. मागे एकदा शहापूरकडच्या एका बचत गटाच्या बाया प्रदर्शनात नाचणीचे पापड विकायला आल्या होत्या. आमच्यातल्या एकीकडे त्या दोन रात्री राहिल्या. मोरीतला नळ सुरू केल्यावर त्यातली एक म्हातारी म्हणाली, "हे आमच्या धरणाचंच ना?" त्यावर आमच्यापैकी कोणाला काही बोलता आलं नाही. पुढे मशीनचं सांगू तेव्हा हे लक्षात ठेवा.

तर हे पाणी भांडुपला येतं. तिथे त्यात तुरटीसारखी द्रव्यं घालून गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरांतून गाळतात आणि क्लोरीन घालतात. तिथून निघतं तेव्हा ते पिण्याजोगं असतं. बिघडतं ते पुढे. आमच्याकडे नळाला चोवीस तास पाणी नाही. पहाटे येतं, दोन-अडीच तास राहतं आणि जातं. पाणी जोरात असतं तेव्हा नळाच्या भेगेतून पाणी बाहेर जातं. पाणी गेल्यावर नळ रिकामा पडतो आणि त्याच भेगेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. जुना नळ, शेजारी गटाराचा नळ, वर पावसाचं साचलेलं पाणी. हिंदमाताला किती पाणी तुंबतं ते तुम्ही टीव्हीवर बघताच. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. पाणी आलं की पहिली पाच मिनिटं ते धुण्याच्या बादलीत सोडायचं, पिण्याचं नंतर भरायचं. तुमच्या गावात नळयोजना असली आणि पाणी एक दिवसाआड येत असलं तर तुमच्या नळालाही हेच लागू आहे.

त्यानंतरचा धोका गच्चीवरच्या टाकीचा. टाकीचं झाकण उघडं राहिलं, कबुतराचं पीस आत पडलं, वर्षभर कोणी धुतलं नाही, की भांडुपची सगळी मेहनत वाया. आम्ही चाळकमिटीच्या मागे लागून वर्षातून दोनदा टाकी धुऊन घेतो, होळीनंतर एकदा आणि दिवाळीआधी एकदा. टाकीवर कोण चढलं, काय निघालं, ते जिन्यातल्या फळ्यावर लिहितो. एकदा त्यात "एक चेंडू, दोन चमचे, एक मेलेली पाल" असं लिहिलं होतं. ते वाचल्यावर वर्गणीला कोणी नाही म्हटलं नाही.

आता गाळण्याकडे येऊ.

आपल्या आज्या हंड्याच्या तोंडावर फडकं बांधून पाणी गाळायच्या. शिकलेल्या सुनांना ते जुनाट वाटायचं. पण नारू आठवतो का? पायातून दोऱ्यासारखा किडा निघायचा. विहिरीच्या, बारवेच्या पाण्यातल्या बारीक किड्यांतून तो पोटात जायचा आणि नुसत्या फडक्याने ते किडे अडायचे. पाणी गाळून प्या, नारू झालेल्या माणसाला विहिरीत उतरू देऊ नका, हे गावोगाव सांगून सांगून देशातून नारू गेला. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. नारूवर लस नव्हती, औषधही नव्हतं. काम केलं ते फडक्याने आणि सांगणाऱ्या माणसांनी.

दुसरी गोष्ट बांगलादेशातली. तिथल्या खेड्यांतल्या बायकांना शास्त्रज्ञांनी जुनी सुती साडी चार घड्या करून तिच्यातून पाणी गाळायला शिकवलं. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक प्राण्यांना चिकटून असतात, ते प्राणी साडीत अडकतात. २००३ साली त्याचा निकाल छापून आला. साडीने पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलरा जवळजवळ निम्म्याने कमी झाला होता. साडी जुनीच हवी, पुष्कळ धुतलेली. धुऊन धुऊन तिचे धागे फुलतात आणि मधली भोकं बारीक होतात. नवं कोरं कापड इतकं चांगलं गाळत नाही. गाळून झालं की कापड धुवा, कडक उन्हात वाळवा, आणि दर वेळी तीच बाजू वर ठेवा. कोपऱ्याला रंगीत दोऱ्याचा टाका घाला म्हणजे बाजू चुकणार नाही.

फडक्याने निम्मं काम होतं. उरलेले जंतू मारायला उकळणं किंवा क्लोरीन. उकळण्याबद्दल एक सांगायचंय. आमच्या सासवा वीस-वीस मिनिटं पाणी खदखदवायच्या. तेवढी गरज नाही. पाणी खळाळून उकळायला लागलं, मोठे बुडबुडे यायला लागले की एक मिनिट ठेवा आणि बंद करा. गॅस वाचतो, चूल असेल तर लाकूड वाचतं, धूर कमी लागतो. आणि झाकण ठेवूनच गार करा. उकळलेलं पाणी उघडं ठेवलं तर उकळण्याची मेहनत फुकट.

क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोरची बाटली आशाताईंकडे मिळते. किती पाण्याला किती, ते त्यांच्याकडून नीट समजून घ्या, आणि घातल्यावर अर्धा तास थांबा. वास येतो म्हणून बायका घालत नाहीत. वास थोडा वेळ राहतो आणि तो आला म्हणजे औषध अजून पाण्यात काम करतंय. माठात ठेवल्यावर तो बराचसा निघून जातो. सरपणही नाही आणि गोळीही नाही, अशी वेळ आली तर उन्हाचा उपाय आहे. स्वच्छ, रंग नसलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत गाळलेलं नितळ पाणी भरून पत्र्यावर आडवी ठेवायची. कडक उन्हात सहा तास, ढगाळ असेल तर दोन दिवस. गढूळ पाण्याला हा उपाय चालत नाही, ऊन आत पोचत नाही.

आमच्या चाळीत पूर्वी बऱ्याच घरांत कॅन्डलचा फिल्टर असायचा. एकावर एक ठेवलेली दोन स्टीलची भांडी, वरच्यात पांढऱ्या मातीच्या दोन कांड्या, खालच्याला तोटी. लग्नात आहेर म्हणून यायचा. अजूनही तो मिळतो, त्याला वीज लागत नाही, आणि आमच्या मते तो विनाकारण मागे पडला. गढूळपणा आणि बरेचसे जंतू तो अडवतो. विषाणू अडवत नाही, म्हणून पावसाळ्यात उकळून मगच वापरा. दर आठवड्याला कांडी मऊ ब्रशने नुसत्या पाण्याखाली घासायची, साबण लावायचा नाही. कांडीला तडा गेला किंवा ती घासून पातळ झाली की बदलायची. तडा गेलेली कांडी असून नसल्यासारखी.

मग १९८४ साली अ‍ॅक्वागार्ड आलं. टाय लावलेले विक्रेते दारोदार फिरायचे. ते वीज लावून पाण्यावर किरण टाकणारं मशीन. त्याने जंतू मरतात, पण पाणी नितळ असायला हवं आणि वीज असायला हवी. तुमच्याकडे भारनियमन असेल तर ते खोकं भिंतीवर नुसतं टांगलेलं राहील. नंतर आरओ आलं. आरओ पाणी इतक्या बारीक पडद्यातून दाबून काढतं की त्यातले क्षारही अडकतात. आणि तुमच्या पत्रांतलं मशीन म्हणजे बहुतेक हेच.

ते विकायला माणूस कसा येतो ते सांगतो. आमच्याकडे आला होता. कंपनीचं नाव घेत नाही, अशी खेळी करणारे पुष्कळ आहेत. दोन ग्लास मांडले. एकात आमच्या नळाचं पाणी, एकात त्याच्या मशीनचं. दोन्हींत धातूच्या दांड्यांचं एक यंत्र बुडवलं आणि बटण दाबलं. दोन मिनिटांत नळाच्या पाण्यात तपकिरी गाळ आला, वर फेस. मशीनचं पाणी तसंच. "बघा ताई, हे तुम्ही लेकरांना पाजता!" खोलीत जमलेल्या बायका गप्पच झाल्या. दोघींनी तर लगेच नाव लिहून दिलं. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पुढे झाल्या. शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी मिठाच्या डब्यातून चिमूटभर मीठ घेतलं, मशीनच्या ग्लासात टाकलं आणि म्हणाल्या, "आता दाब परत." दाबलं. तेही पाणी तपकिरी झालं.

तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो, त्या दांडीतल्या लोखंडाचा गंज असतो. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजतं. क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. क्षार म्हणजे काही विष नाही. तुमच्या दारी असा माणूस आला तर मीठ हाताशी ठेवा.

तसंच ते टीडीएसचं मीटर. पेनासारखं असतं, पाण्यात बुडवलं की आकडा दाखवतं. तो आकडा पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेलं पाणी चांगलं, आणि दुसरं पाणीच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यायचं. जंतू त्या मीटरला दिसत नाहीत. गटाराचं पाणी मिसळलेलं असलं तरी आकडा चांगला येऊ शकतो.

आमच्या तलावांच्या पाण्यात क्षार मुळातच कमी. २०१९ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने मोठ्या शहरांच्या नळाच्या पाण्याचे नमुने तपासून निकाल जाहीर केला, तेव्हा मुंबईचे दहाच्या दहा नमुने मानकात बसले. त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने सरकारला सांगितलं की जिथे पाण्यात ५०० पेक्षा कमी क्षार आहेत तिथे आरओ वापरू देऊ नका. कारण आरओ पाणी टाकून देतं. घरगुती मशीन एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मागच्या नळीने मोरीत सोडतं. आणि आमच्या चाळीतल्या निम्म्या खोल्यांत आज ते आहे. घरात रोज पंधरा लिटर पिण्याचं पाणी लागलं तर तीस-पस्तीस लिटर गटारात. म्हणजे शहापूरच्या म्हातारीच्या डोक्यावरचे दोन हंडे. आमच्या मंडळात यावर भांडण झालं, ते अजून पुरतं मिटलेलं नाही. ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांनी ती नळी बादलीत सोडायची, त्या पाण्याने लादी पुसायची आणि भांडी विसळायची, एवढं ठरलंय. ज्यांचं मशीन बिघडेल त्यांनी नवं आरओ घ्यायचं नाही यावर मात्र एकमत झालं नाही. आमचं चौघींचं मत स्पष्ट आहे. दादरला आरओची गरज नाही.

पण तुमचं दादर नाही.

अकोला, बुलढाणा, अमरावतीकडे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. तिथलं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड गेलं तर ते पाणी पिण्याचं नाही. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, आणि वर्षानुवर्षं पीत राहिलं तर हाडं-सांधे आखडतात. फ्लोराइड दिसत नाही, त्याला चव नाही. फडक्याने जात नाही, कॅन्डलने जात नाही. उकळल्याने तर उलट वाढतं, कारण पाणी उडून जातं आणि ते मागे राहतं. नायट्रेटचंही तसंच. खतांचं आणि उकिरड्याचं पाणी मुरून ते विहिरीत येतं, तान्ह्या बाळांना ते घातक आहे, आणि तेही उकळून जात नाही. अशा गावात आरओ ही चैन म्हणता येणार नाही. तिथेही प्रत्येक घरात एक मशीन घेण्याआधी दोन गोष्टी बघा. गावात दुसरी चांगली विहीर आहे का, की पिण्यापुरतं पाणी तिथून आणता येईल. आणि ग्रामपंचायतीचं सामूहिक शुद्धीकरण केंद्र होऊ शकतं का. एका मोठ्या मशीनची देखभाल एका माणसाच्या अंगावर टाकता येते. पन्नास छोट्या मशीनचे पडदे बदलायला तालुक्याहून कोण येणार?

कारण मशीनचा खरा खर्च नंतरचा असतो. आमच्याकडे आरओ असलेल्या एका वहिनींनी हिशेब ठेवलाय. दर वर्षी फिल्टर बदलणं आणि सर्व्हिसचे मिळून अडीच-तीन हजार जातात. ते नाही केलं तर त्याच मशीनमधून चांगलं पाणी येईल याचा भरवसा नाही.

म्हणून आमचं उत्तर असं, की आधी तपासणी करा. जल जीवन मिशनमध्ये गावागावांत पाणी तपासायची पेटी दिली आहे आणि प्रत्येक गावातल्या पाच बायकांना ती वापरायला शिकवायचं ठरलंय. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण, ते ग्रामपंचायतीत विचारा. कोणी नसेल तर तुमच्या गटातूनच नावं द्या. त्या पेटीत फ्लोराइड, नायट्रेट, क्लोरीन, सगळं तपासता येतं, रंगावरून कळतं. शिवाय पाण्याच्या पाहणीनंतर ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. ते कार्ड कार्यालयात असतं. मागितलं तर दाखवावं लागतं. लाल असेल तर मशीनचा विचार बाजूला ठेवून आधी गल्लीतली गळती आणि टाकी यांच्यामागे लागा. गोरेगावच्या मृणाल गोरे यांना लोक पाणीवाली बाई म्हणायचे. हंडे घेऊन बायकांचे मोर्चे काढून काढून त्यांनी वस्त्यांना नळ आणून दिले. आमच्या सासवांनी ते पाहिलंय.

आता गारव्याकडे. हे आमच्या आवडीचं.

गार म्हणजे स्वच्छ नाही, हे पहिलं. फ्रीजमध्ये जंतू मरत नाहीत, नुसते निजतात. लग्नाकार्यात येणारे ते थंडगार जार, त्यात पाणी कुठल्या बोअरचं, जार कशाने धुतला, हे कोणी विचारत नाही. विचारा. बर्फाचं तर विचारूच नका. २०१९ च्या मार्चमध्ये कुर्ला स्टेशनवर लिंबू सरबत कसं करतात त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि मध्य रेल्वेला स्टेशनांवरची उघडी सरबतं बंद करावी लागली. मासळी आणि कारखान्यासाठी जो बर्फ करतात तो खाण्याचा नसतो. २०१८ पासून महाराष्ट्रात त्यात निळा रंग घालायचा नियम आहे. जत्रेत गोळेवाल्याकडे निळसर लादी दिसली तर मुलाचा हात धरून पुढे चला.

आणि माठ. माठाच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. पाणी त्यातून पाझरून बाहेर येतं, वाऱ्याने उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. अंघोळ करून ओल्या अंगाने वाऱ्यात उभं राहिलं की थंडी वाजते, तेच. त्याचा हिशेब असा आहे की एक लिटर पाणी उडून गेलं तर ते पन्नासेक लिटर पाणी दहा अंशांनी गार करील एवढी उष्णता नेतं. म्हणून माठाखाली थोडं पाणी झिरपलं तर कुरकुर करू नका.

पण हवा कोरडी हवी. दादरला मे महिन्यात समुद्राची दमट हवा, घाम वाळत नाही, तिथे माठातलं पाणी कुठून वाळणार? आमचा माठ पाणी जरासं गार करतो, तेवढ्यावर समाधान. तुमच्याकडे बीड-जालन्याला, विदर्भात, चाळीस अंशांचं कोरडं ऊन असतं, तिथे तोच माठ पाणी हिवाळ्यासारखं करून ठेवतो. आमच्याकडे एक खूण आहे. ज्या दिवशी गॅलरीतले कपडे लवकर वाळतात त्या दिवशी माठ चांगला गार करतो. म्हणजे गारव्यासाठी आम्हाला फ्रीज लागतो, तुम्हाला नाही. या बाबतीत तुम्ही आमच्यापेक्षा श्रीमंत आहात, आणि हे आम्ही तोंडदेखलं म्हणत नाही.

आम्ही माठ धारावीच्या कुंभारवाड्यातून आणतो. दादरहून बस जाते. घेताना बोटाने वाजवून बघायचा, खणखणीत आवाज आला तर घ्यायचा. आतून-बाहेरून रंग दिलेला, चकचकीत माठ घेऊ नका. रंगाने भोकं बुजतात, दिसायला सुंदर आणि पाणी कोमट. सावलीत, वारा येईल अशा जागी ठेवा, खिडकीखाली किंवा ओसरीवर. आम्ही स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गॅसशेजारी ठेवलेले माठ पाहिलेत, तिथे तो बिचारा काय करणार! बाहेरून ओलं सुती फडकं गुंडाळलं तर अजून गार होतं. तिवईवर ठेवा, म्हणजे खालूनही वारा लागतो.

वर्षभराने माठ गार करेनासा होतो, कारण पाण्यातले क्षार साचून भोकं बंद होतात. बाहेरून पांढरे डाग दिसले की समजा. नारळाच्या शेंडीने घासा, दोन दिवस उन्हात वाळवा. साबण लावू नका, माती साबण पिते आणि मग पाण्याला वास येतो. तरी गार नाही झालं तर त्यात माती भरून तुळस लावा आणि नवा आणा. कुंभारालाही जगायचंय.

सगळ्यात महत्त्वाचं, माठात हात घालू नका. गाळलं, उकळलं, सगळं केलं, आणि लेकराने अंगणातून येऊन पेला हातासकट बुडवला की संपलं. पूर्वी लांब दांड्याचं ओगराळं असायचं, ते त्यासाठीच. आता तोटीचा माठ मिळतो, तो घ्या. मुलांना पिण्याची सोय आणि हाताचा संबंध नाही.

आमच्यातल्या एकीने घरात जी मांडणी केलीय ती आम्हाला फार आवडली, म्हणून सांगतो. दोन कप्प्यांचा लोखंडी स्टँड. वर कॅन्डलचा फिल्टर, खाली तोटीचा माठ. फिल्टरच्या तोटीला छोटी रबरी नळी, ती माठाच्या झाकणाच्या भोकातून आत. रात्री वरचं भांडं उकळून गार केलेल्या पाण्याने भरायचं, सकाळी माठ भरलेला. वीज नाही, बाटल्या भरणं नाही. रबरी नळी आठवड्याला गरम पाण्यात टाकायची, तेवढंच काम. सगळं मिळून अडीच हजारांच्या आत झालं. गटातून कर्ज काढायचंच असेल तर एवढ्यासाठी काढा, चार महिन्यांत फिटेल.

आणि सोय कोणाची, हेही बघा. आमच्याकडे फ्रीज आले तेव्हा पाणी गार मिळायला लागलं, पण रोज रात्री आठ-दहा बाटल्या भरायचं नवीन काम बाईच्या अंगावर पडलं. बाकीच्यांनी प्यायचं आणि रिकामी बाटली तशीच परत आत ठेवायची. आमच्या मंडळाने यावर नियम केलाय. जो शेवटचा घोट पिईल त्याने भरायची. पुरुषांनीही. काही घरांत तो पाळला जातो. काही घरांत बाटलीत तळाशी दोन चमचे पाणी ठेवून ती परत ठेवतात, म्हणजे शेवटचा घोट आपण घेतला असं होत नाही!

तुमच्यापैकी पुष्कळ जणी डिसेंबरात चैत्यभूमीला येता, शिवाजी पार्कला मुक्काम करता. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली जे झालं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. त्या दिवसांत महापालिका मैदानात पिण्याच्या पाण्याचे नळ आणि टँकर ठेवते, त्यातलं पाणी निःशंक प्या, सोबत मोठी रिकामी बाटली आणा. स्टेशनबाहेर विकत घ्यायची गरज नाही. आणि आमच्या चाळीच्या दाराशी त्या दिवशी आम्ही दोन माठ भरून ठेवतो, तोटीचे. फुलबाजाराच्या बाजूने आलात तर दिसतील.

आमचा वेळ संपत आला असं ताई खुणावताहेत. तुमच्या गावच्या पाण्याची तपासणी झाली की आकड्यांचा कागद केंद्राच्या पत्त्यावर पाठवा, फ्लोराइड आणि नायट्रेटचा आकडा त्यात नक्की असू द्या. आमच्या शास्त्राच्या काकू तो वाचतील आणि मशीन घ्यायचं की नाही ते पुढच्या महिन्यात त्या स्वतः येऊन सांगतील. येताना मिठाचा डबाही आणणार आहेत म्हणे.